सोयाबीनची भाकर आणि हलके गुर्दे

माय, तुझ्या गुर्द्यात पाण्याचे फोड आहेत असं नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तू त्याच्याच अंगावर खेकसली होतीस. "आमच्या बापाचं पोट असंच फुगलं, भावाचं बी. त्याला दुखनं काहून म्हन्ता? आमच्या घरान्याची ठेवनच हाय ती." मी तेव्हा हैदराबादला एका प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि देवाची थट्टा बघ, तिथं मी ह्याच आजाराचे उंदीर सांभाळत होते. आईबापाकडून जन्मतःच आलेला रोग. फोड वाढत जातात आणि गुर्दाच खाऊन टाकतात. तू मात्र आपल्या डोंगरकडा गावात सगळ्यांना सांगायचीस, "एवढी शिकली अन् आता उंदरं चारून राहिली!" मलाही हसू यायचं.

काम खरंच चारण्याचं होतं. अर्ध्या उंदरांच्या खाद्यात दुधातलं प्रथिन, उरलेल्यांच्या खाद्यात ते काढून तेवढंच सोयाबीनचं. रोज सकाळी खाद्य तोलून घालायचं, उरलेलं तोलून वहीत लिहायचं, आणि शेवटी गुर्दे काढून तेही तोलायचे. सोयाबीनवाल्यांचे गुर्दे हलके भरले, म्हणजे फोड कमी वाढले होते. मी ते पुन्हा तोलून बघितले. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "उंदरांचं माणसांना लावायचं नाही, अजून फार काम बाकी आहे." मी मान हलवली आणि त्याच शनिवारी नांदेडची बस धरली.

सोयाबीन आपल्या रानात नुकतंच आलं होतं. बाजारात घालायचं पीक ते, घरात कुणी तोंडात धरत नव्हतं. उकडून, वाळवून, साल काढून ज्वारीत दळायला मी तुला शिकवलं. "दूध, दही, डाळ बंद. त्याच्या जागी हे," असं मी म्हणाले होते. म्हणाले होते ना गं? हजारदा आठवून बघितलंय. म्हणाले होते, पण एकदाच, चुलीपुढं, घाईघाईत. दिवाळीला आले तर तू सोयाबीनची भाकर दुधात कुस्करून खात बसलेली. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही ही आपल्या गावची रीत. गल्लीतल्या बाया रोज तांब्याभर दूध घेऊन येत होत्या आणि कुणाचा तांब्या भरलेला परत पाठवणारी तू नव्हतीस. मी ओरडले तर म्हणालीस, "आजारी मानसाचं खानं कुनी तोडतं का, येडे? हे बी खाते, ते बी खाते. डबल गुन येईल." आणि मी हेका सोडला, कारण तुझा चेहरा भरलेला दिसत होता. गालाची हाडं झाकली होती, बांगड्या मनगटात घट्ट बसत होत्या. "माय, तू सुधारलीस," मी म्हणाले. अगं, सूज होती ती! दिवसभर ग्रॅमात वजनं करणारी मी, आणि मला माझ्या आईच्या तोंडावरची सूज ओळखू आली नाही. संक्रांतीच्या आत तू गेलीस.

आता दहा-बारा वर्षं झाली. "तिचे गुर्दे आधीच संपले होते, दुधानं काही झालं नाही," असं सगळे मला समजावतात. असेलही. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. ज्या उंदरांचे गुर्दे हलके भरले ते आईचं दूध सुटलं त्या दिवसापासून सोयाबीनवर होते. पोट फुगलेल्या मोठ्या उंदरांचा पिंजरा वेगळा होता. त्यांनाही तेच खाद्य घातलं, आणि काडीचा फरक पडला नाही. ते गुर्देही मीच तोलले, बस धरायच्या आधी. मला ठाऊक होतं, माय. ठाऊक असूनही सोयाबीन सांगत आले, कारण तुझ्यापुढं नुसतं रिकाम्या हातानं येऊन बसणं माझ्याच्यानं होईना.

गेल्या आठवड्यात माझी सोनोग्राफी झाली. दोन्हीकडं फोड. कुणावर ओरडावं कळत नाही म्हणून तुझ्यावर ओरडते: काहून दिलंस गं हे मला? आणि लगेच जीभ चावते, कारण मी पुढं काय दिलंय ते मला कुठं माहीत आहे? पोरगी अकरा वर्षांची आहे. माझी जुनी वही तिला सापडली, त्यातलं सोयाबीन तेवढं तिला कळलं, आणि आता ती रोज स्वतःच्या हातानं ते भिजत घालते. कशाला, असं विचारायची माझी हिंमत होत नाही. तुला लिहिलेला हा कागद मी फाडणारच आहे, कारण तिला सगळं वाचता येतं. काल तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "आई, ह्यानं तू बरी होशील ना?" मी हो म्हणाले. आणि पहिला घास तिलाच भरवला, कारण तिची तपासणी करून घ्यायची माझी अजून छाती झालेली नाही.