काचेआडचं पुटपुटणं

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून माझं पत्र नाही म्हणून नाकावर राग घेऊन बसली असशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज वाचायचा तुला कंटाळा, तेव्हा पत्राला पर्याय नाही हे मला कळतं. पण लिहायला बसलं की काही सुचायचं नाही. मी बरी आहे. जेवते, झोपते, कॉलेजला जाते. बाबांची हत्यारांची पेटी लिफ्ट कंपनीने परत नेली. ती दाराशी जिथे असायची तिथली फरशी जरा वेगळ्या रंगाची निघाली, बाकी घर आहे तसंच आहे.

आमची फिल्म पूर्ण झाली. आठ मिनिटांची भुताची गोष्ट. एक मुलगी रोज लिफ्टची वाट बघत उभी राहते. लिफ्ट येते, दार उघडत नाही, दाराच्या उभ्या काचेआड एक माणूस काहीतरी पुटपुटताना दिसतो आणि लिफ्ट निघून जाते. इमारतीत तसा माणूसच राहत नसतो. शेवटी ती मुलगी रिकाम्या लिफ्टमध्ये शिरते आणि काचेआड तिचा चेहरा पुटपुटायला लागतो. नाव ‘मधला मजला’. तो माणूस म्हणजे बाबा, हे तुला माहीत आहेच. ज्या इमारतीची लिफ्ट ते सांभाळायचे तिथेच रविवारी दुपारी शूटिंग केलं. काच जाड, बाहेर काही ऐकू येत नव्हतं. मीच त्यांना म्हणाले होते की काहीही पुटपुटा, आवाज नंतर घालू. फिल्ममधली कुजबुज वर्गातल्या एका मुलीची आहे, तिला पांघरुणाखाली बसवून रेकॉर्ड केली.

एडिटिंगमध्ये बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग कमी करायचं काम माझ्याकडे होतं. गाल आधी, मग ओठ. हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटलं होतं. झालं. काहीच वाटलं नाही, आत्या. डोळे दुखले म्हणून मध्ये उठून चहा केला, एवढंच.

२ मार्चला कॉलेजच्या सभागृहात खेळ आहे. गर्दी जमली पाहिजे, त्याला मार्क आहेत. म्हणून आमच्या कॅमेरावाल्या लंबूने एक युक्ती काढली. बाबांचा पुटपुटतानाचा तुकडा आवाज काढून फोनवर टाकला आणि खाली लिहिलं की हा माणूस काय म्हणतोय ते ओळखा आणि पहिल्या रांगेत बसा. तो तुकडा भलताच पसरला. ओळखीपाळखीचे नसलेले लोक उत्तरं पाठवतायत. प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवायचं काम माझ्याकडे आहे. ते मी वेळच्या वेळी करते.

गुडघा कसा आहे? वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो रागाच्या भरात विसरू नये.

तुझी
ठकू


११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा आहे तिथेच आहे. सूनबाई बरी आहे. कानातलं यंत्र मात्र नव्याने शिट्ट्या मारायला लागलंय. जन्मभर टेलिफोन ऑफिसात बसून लोकांचे फोन जोडून दिले, आता माझाच फोन लागत नाही म्हणून तुझा आतेभाऊ चेष्टा करतो. करू दे. त्याला अजून ठाऊक नाही की ओठ बघून मला सगळं कळतं. परवा सूनबाई ओट्याशी पाठमोरी होती, जराशी वळून पुटपुटली की सासूबाईंना मीठ कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. मी इकडून म्हटलं की बेताचं चालतं. तिच्या हातातला डाव पडला.

आता तुझ्या भुताविषयी. सूनबाईने मला फोनवर तुमच्या फिल्मचं पोस्टर दाखवलं. माझ्या धाकट्या भावाला भिंतीसारखा पांढरा करून टाकलास. आणि खाली लिहिलंय काय, तर झोप उडेल! झोप कसली उडवतोय तो, स्वतःच आयुष्यभर जेवल्या जेवल्या खुर्चीत घोरायचा. मला राग आला, ठकू. त्याला जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत आणि लोक त्याच्या तोंडावर पैजा लावतायत. ती पोस्टरं काढ. शिक्षकांना सांग की आत्या कटकटी आहे.

तुझ्या पत्राने जिवाला घोर लागला तो वेगळाच. सगळं नीट लिहितेस आणि त्यात कुठेच तू नाहीस. रडलीस का एकदा तरी? तिथून निघताना मी पाहिलं, तू सगळ्यांना पाण्याचे पेले भरून देत होतीस.

फोनवरचा तो तुकडा मी पुरता पाहिला नाही. मध्येच फोन सूनबाईच्या हातात देऊन टाकला. का ते विचारू नकोस.

जेवत जा. लोभ कमी होणं या वयात जमणार नाही.

तुझी
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारते.

आलेल्या उत्तरांत बहुतेक सगळी तीच ती आहेत. मला बाहेर काढा. दार उघडू नकोस. तुझ्या मागे कोण आहे. पण एकाने लिहिलं की याचा छातीवरचा हात बघा, हा दुखतंय म्हणतोय. लंबूने त्याला शाबासकी दिली. मी हसरा चेहरा पाठवला आणि मग तो तुकडा पुन्हा लावला. मग परत लावला. आता मला त्यात दुसरं काही दिसतच नाही.

आम्ही सात टेक घेतले होते. म्हणजे तोच प्रसंग सात वेळा. फिल्ममध्ये चौथा आहे, पोस्टरवर चौथा आहे, फोनवरही चौथाच. सगळ्यांत भीतिदायक तोच होता, म्हणून मी निवडला. त्यात बाबा छातीवर हात ठेवतात. मला वाटलं, अभिनय करतायत. मी काचेबाहेरून अंगठा दाखवला. त्यानंतर आणखी तीन टेक घेतले. पंधरवड्यात ते कामावरून आले आणि शर्टाची बटणं काढता काढता पलंगावर बसले ते उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की कोणाची चूक नाही. ते मला पाठ आहे. पण बाबा काय म्हणत होते हे मला कळायला हवं. दुखतंय म्हणत असतील तर मी ही फिल्म दाखवणार नाही, वर्ष गेलं तरी चालेल. आणि म्हणत नसतील तर तसं सांग, म्हणजे मी पुढच्या कामाला लागेन. सातही टेक जसेच्या तसे वहिनीच्या कॉम्प्युटरवर पाठवलेत, रंग वगैरे न काढता. ओठ नीट दिसतात. हे काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.

लोभ असेलच तर एवढं कर.

ठकू


१९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सूनबाईने सगळं उतरवून ठेवलंय. मी अजून पाहिलेलं नाही. त्या दिवशी फोन का दिला ते आता सांगते. त्याचा पहिला शब्द मला कळायला लागला आणि पुढचं बघवेना. मेलेल्या माणसाचं बोलणं नव्याने कळणं सोपं नाही, बाळा.

बघण्याआधी एक सांगते. मी इथे बसून काहीही लिहिलं तरी तुला ते तपासता येणार नाही. तो देवाचं नाव घेत होता असं लिहिलं तर तेही खपेल. सूनबाईचं म्हणणं की तसंच काहीसं लिहावं, पोरगी एकटी राहते. ती मायेनेच म्हणाली. पण तुझी आई गेली तेव्हा तुला आम्ही ती गावाला गेल्याचं सांगितलं होतं आणि तू महिनाभर खिडकीत बसायचीस. तेव्हापासून मी तुला थाप मारलेली नाही. तेव्हा बघितलं तर असेल तेच लिहीन, गोड नाही आणि कडूही नाही. बघू का, ते कळव.

आत्या


२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बघ.

इकडे सगळं ठीक. पासेस छापून आले. लंबूने ‘मला बाहेर काढा’ हे उत्तर बरोबर ठरवलंय, कारण ते सगळ्यांत जास्त जणांनी पाठवलं. मी बरं म्हटलं.

ठकू


२५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पाहिलं. यंत्र काढून ठेवलं, घरातल्यांना बाहेर घालवलं आणि पाहिलं.

पहिल्यात तो म्हणतो की कॉलर टोचतेय आणि पावडर नाकात गेलीय. दुसऱ्यात कामाची उजळणी करतो. दोर, ब्रेक, दाराचा रूळ, तेल. तिसऱ्यात तुझ्या लंबूच्या उंचीवर काहीतरी म्हणतो आणि हसू दाबतो. पाचव्यात आणखी किती वेळा, असं विचारतो. सहाव्यात त्याला घोर लागलाय की गॅस बंद केला की नाही. चहा केला, भांडं उतरवलं, मग बटण फिरवलं का, असं सगळं आठवून बघतो. सातव्यात नुसतं तोंड हलवतो. दमला होता.

आता चौथा. छातीवर हात ठेवून तो म्हणतो की सकाळपासून इथे दाबल्यासारखं होतंय. मग कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघतो, तू तिथे उभी असणार. आणि म्हणतो, हिचं होऊ दे आधी, मग सांगू.

हे असं आहे. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, दुसरं काही निघत नाही.

पहिल्यांदा मला तुझाच राग आला. खोटं कशाला सांगू. रात्रभर आला. आणि सकाळी उठले तर त्याचा आला, तो अजून उतरलेला नाही. अगं, लिफ्टचं दार आतून उघडायची चावी त्याच्या खिशात असायची. आंघोळीला जाताना काढून ठेवायचा, तेवढंच. त्याला कोणी कोंडलं नव्हतं. तो उभा राहिला कारण त्याला उभं राहायचं होतं. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हा माझी परीक्षा होती, तर हा दोन दिवस हात पाठीमागे लपवून हिंडला. तू विचारलं असतंस तरी काही नाही म्हणाला असता.

आणि ‘मग सांगू’ म्हणाला ना? शूटिंग संपल्यावर पंधरा दिवस होते त्याच्याकडे. त्यातलं एक पत्र माझ्याकडे आलंय. त्यात तुझी फिल्म, तुझी जागरणं, तू मुलांना कसं ओरडतेस आणि मुलं कशी ऐकतात, हेच सगळं. छातीचं अवाक्षर नाही. त्याचं ते ‘मग’ कधी येणारच नव्हतं. हा माझा भाऊ होता, मी त्याला तुझ्याआधीपासून ओळखते.

फिल्म दाखवायची की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही. तुझ्यावरची माया तसूभर कमी नाही, हे मात्र दहा वेळा वाच.

तुझी
आत्या


४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात उभ्याने वाचलं. मग वर येऊन भात लावला. जेवले. भांडी घासली. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं वाटत होतं, पण होईना. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाऊन मी चौथा टेक काढून टाकला आणि सहावा घातला.

लंबू खूप चिडला. चौथ्यासारखा एकही नाही, ऐन वेळी खेळखंडोबा करतेस, म्हणाला. मी कारण सांगितलं नाही, दिग्दर्शक मी आहे एवढंच सांगितलं. फोनवरचा तुकडाही काढायला लावला. पोस्टरं मी स्वतः उतरवली. तुझं ऐकलं हो.

खेळाला सभागृह भरलं होतं. मी मागच्या रांगेत बसले. काचेआड बाबा आले. ते पुटपुटायला लागले तशी एक मुलगी किंचाळली, मग बरेच जण. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा दंड धरला. सगळं सभागृह भेदरून बघतंय आणि बाबा विचार करतायत की चहाचं भांडं उतरवल्यावर बटण फिरवलं का. मला हसू आलं. आवरेना. त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

आणि हसता हसता मला वाटलं, खरंच, गॅस. सकाळी घाईत चहा करून निघाले होते. फिल्म संपायची होती, मग परीक्षक बोलणार होते, मी स्टेजवर असायला हवी होती. मी उठले आणि बाहेर पडले. लोकांना धक्के देत, अर्धं अंतर पळत घरी आले.

गॅस बंद होता. मीच बंद केला होता. तरी बटण फिरवून फिरवून पाहिलं. मग ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले, आत्या. इतकी मोठ्याने की शेजारच्या काकू दार वाजवून आत आल्या. काय झालं म्हणून विचारत राहिल्या. मला दुसरं काही सांगताच येईना. बाबा गेले, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या की हो, माहीत आहे, आणि माझ्या शेजारी फरशीवर बसल्या.

परीक्षा झाली की तुझ्याकडे येते. लोभ आहे, तो मला तिथे येऊन हवा आहे.

तुझी
ठकू