सगळ्यात लांब माळ

आई, तू भिंतीवरची सगळ्यात लांब माळ खिळ्यावरून उतरवतेस आणि आबा म्हणतात, राहू दे, उद्यापासून घुंगरं डाखानं जोडायला गडी बसवू. तू ऐकत नाहीस. पैंजणांची माळ मांडीवर घेऊन उंबऱ्यात, उजेडाला बसतेस.

व्यापाऱ्याकडून माल परत आला होता. पुन्हा असं झालं तर तुमचं काम बंद, असा निरोप होता. हुपरीत घरोघरी हेच काम. आपलं सुटलं असतं तर घ्यायला शेजारी तयारच होते. आबांनी चांदी, पॉलिश, कड्या, सगळंच एकदम बदलायला काढलं. मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते. म्हटलं, आधी दोष वेगळे करू. एकेका दोषाचे पैंजण एकमेकांत अडकवून मी ओळीनं टांगले, लांब माळ डावीकडे, मग उतरत्या क्रमानं. काळे पडलेले थोडे, कडी तुटलेले त्याहून थोडे. घुंगरं गळालेल्यांची माळ जमिनीला टेकली. घुंगरं जोडायचं काम तुझ्याकडे होतं. काकू म्हणाली, शिकून आली आन् आईलाच टांगलं की भिंतीला. कुणी हसलं नाही.

तू एकेक सुटलेला सांधा उजेडात धरत होतीस. मान वर न करता आबांना म्हणालीस, "मी कामाच्या पाटावरनं उठणार न्हाय. गडी आणला तर चुकलं कुठं ते कळायचंच न्हाय."

डाख वितळला होता, पण चांदीला धरला नव्हता. तू बोटं हुंगलीस, मग पदर. भाजीला फोडणी द्यायची, पदराला हात पुसायचे आणि घुंगरं उचलायची, हा तुझा रोजचा क्रम. तेलकट चांदीला डाख धरत नाही हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे नोकरीत मी कारखान्यांना दोषांचे असेच, उतरत्या खांबांचे तक्ते काढून दिले. सगळ्यात उंच खांब ज्याच्या खात्याचा, तो माणूस आधी तक्ताच खोटा म्हणतो. मी तक्ता गुंडाळत नाही. उंबऱ्यात बसलेली तू डोळ्यांसमोर असतेस. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. एक मात्र सांगून टाकते: मला अजूनही डाख देता येत नाही.

माळ उतरवलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू धुतलेलं लुगडं नेसून आधी घुंगरांना बसलीस. भाकरी आबांनी थापल्या. जाड झाल्या.