शीड, आठ दोर आणि पुढची सीट

२ जून
माझ्या बायकोची, सोल्वेगची, वल्हवायची जोडीदार जूडी कायमची ॲरिझोनाला गेली. त्यामुळे सोल्वेगच्या दोन सीटच्या कयाकमधली पुढची सीट रिकामी झाली आहे. आज नाश्त्याला अंडं सोलता सोलता सोल्वेगने विचारलं, ऑगस्टमध्ये बेटावर जाताना तू बसशील का पुढे?
नम्रपणे नकार दिला. पुढचा वल्हं मारतो, मागचा वल्हंही मारतो आणि सुकाणूही सांभाळतो. म्हणजे श्रम दोघांचे, दिशा एकाची. लग्नात ते ठीक आहे. पाण्यावर मला स्वातंत्र्य हवं.
दर ऑगस्टला आमच्या गावचा क्लब वल्हवत बेटावर जातो आणि तिथे मोठ्या हंड्यात मासे, कांदे, बटाटे उकडून खातो. बटाटे फेरीबोटीने नेण्याचं काम आजवर माझ्याकडे. मी उतरलो की सगळे विचारतात, बटाटे आले का? मी आलो का, असं अद्याप कोणी विचारलेलं नाही. यंदा मी स्वतःच्या शिडाने जाणार. सोल्वेग म्हणाली, मग बटाटे? म्हटलं, बटाट्यांनी आपलं आपण बघावं.

६ जून
शेजारच्या मर्लकडून त्याची जुनी नारिंगी कयाक घेतली. शिडाचा संच टपालाने आला. सोबत माहितीपुस्तिका. उघडली नाही. ज्याने संस्कृत व्याकरणाची सूत्रं भाष्याला हात न लावता लावली, त्याला डोलकाठी उभी करायला चित्रांची गरज नसावी. शिवाय आमचं घराणं मूळ कोकणातलं. मधल्या काही पिढ्या साताऱ्यात गेल्या, पण रक्त समुद्र विसरत नाही. लेक मिशिगन तर गोडं पाणी. सोपंच असणार.

७ जून
डोलकाठी आडवी झाली. कयाक हिरवळीवर होती आणि वारा नव्हता. कारण शोधतो आहे. मर्ल कुंपणापलीकडून म्हणाला, प्रोफेसर, कपडेच वाळत घालायचेत तर सरळ दोरी बांधा की.
हसून सोडून दिलं. 

१५ जून
कंपनीने दोर फक्त चार दिले आहेत. तीन डोलकाठीला ताण द्यायला आणि एक शीड ओढायला-सोडायला. एवढ्याशा दोरांवर माणसाचा जीव टांगणारे लोक हे. मी आठ केले आणि लक्षात राहावेत म्हणून त्यांना विभक्त्यांची नावं दिली. प्रथमा डोलकाठी उभी करते, तीच कर्ता. तृतीयेने शीड ओढायचं. पंचमीने ते खाली येतं. षष्ठीचा सगळ्यांशी संबंध येतो. संबोधन ओढलं तर काहीच होत नाही, पण असावं हाताशी. सगळी टोकं बसायच्या जागेभोवती आणून ठेवली. बसायला जागा थोडी कमी उरली.
या रोजनिशीचा एक फायदा म्हणजे मराठी सोल्वेगला वाचता येत नाही. आकृत्या मात्र येतात. एका दोरावर बोट ठेवून म्हणाली, हा जिथून निघतो तिथेच परत येतो. म्हटलं, ती षष्ठी. ती म्हणाली, बरं.

२१ जून, सकाळी
आज जलावतरण. वारा मंद, आकाश स्वच्छ, मन प्रसन्न. सॅन्डविच घेतलंय.

२१ जून, दुपारी
अनियोजित स्नान. जूनमध्येही पाणी इतकं गार असतं याची जाणीव क्लबने करून द्यायला हवी होती. सोल्वेग तिच्या कयाकमधून आली, मला काठावर नेलं आणि म्हणाली, शिडाचा दोर बांधून टाकू नकोस. हातात धर. वाऱ्याचा झोत आला की सोडून द्यायचा, मग नाव उलटत नाही.
मी तृतीयेला निरगाठ मारली होती, कारण एका हातात वल्हं आणि दुसऱ्यात कॉफी. हात दोनच असतात हे सोल्वेग विसरते. वल्ह्यातलं तिला उत्तम कळतं. शीड हा वेगळा विषय आहे.
सॅन्डविच गेलं.

२८ जून
दोन स्नानं. पहिल्यात वारा डावीकडून आला. तो उजवीकडून यायला हवा होता. दुसऱ्याच्या वेळी पाय षष्ठीत होता. मर्ल आता धक्क्यावर घडीची खुर्ची घेऊन येतो. त्याने मोजणं सोडलंय, असं म्हणाला.

५ जुलै
लोइसबाईंचा फोन. या आमच्या दातांच्या डॉक्टर आणि क्लबच्या सुरक्षाप्रमुख, आणि दोन्हीकडे एकाच आवाजात बोलतात. म्हणाल्या, प्रोफेसर, बेटावर पहिल्यांदा स्वतःच्या नावेने जाणाऱ्याला माझ्यासमोर नाव उलटवून दाखवावी लागते आणि पुन्हा आत चढून दाखवावं लागतं. सगळ्यांनाच असतं, घाबरू नका. म्हटलं, उलटवण्यात माझा अभ्यास झालेला आहे. त्या म्हणाल्या, ऐकून आहे. आणि फ्लॉस करताय ना?
सोल्वेग म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेच्या आधी तुझा पोर्शन पूर्ण झालाय. तिच्या थट्टेत ज्ञान नसतं, पण मार्मिकपणा असतो.

१२ जुलै
जेवताना सोल्वेगने पुन्हा विचारलं. जूडी पुढे बसून बेसूर गायची, आता पुढून काहीच ऐकू येत नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं, असं म्हणाली. आणि पुढे वजन नसलं तर वाऱ्यात नावेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते, नाव भरकटते. क्लबला नावं कळवायची आहेत, तुझं काय ठरलं?
मी तेव्हा दोर ओढायच्या कप्प्यांचा विचार करत होतो. म्हटलं, बेटावर तुझ्या आधी पोचून तुझ्यासाठी कॉफी तयार ठेवीन. ती ताटं उचलायला उठली. खूश झाली असावी.

१९ जुलै
समस्येच्या मुळाशी पोचलो. नाव उलटते, कारण ती उलटू शकते. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना आडव्या काठ्यांवर एकेक तरंगा. कोकणात याला उलांडी म्हणतात. आमच्या पूर्वजांना जे ठाऊक होतं ते या कंपनीला नाही, म्हणजे आहे, पण ती त्याचे वेगळे पैसे घेते. तरंगे आठही दोरांच्या उरलेल्या टोकांनी बांधले, प्रत्येकाला निरगाठ. मर्ल म्हणाला, प्रोफेसर, हे सुटणार कसं? म्हटलं, सुटू नये म्हणूनच तर बांधतात.

२६ जुलै
विजय. दुपारभर पाण्यावर होतो, कोरडा. नाव खडकासारखी स्थिर. वळत मात्र नाही. एकदा निघाली ती खाडीच्या पलीकडच्या काठालाच लागली. मर्ल ट्रक घेऊन आला. वाटेत त्याने रेडिओ मोठा केला. सरळ जाणं हा दोष नाही. बेट सरळच आहे.

९ ऑगस्ट, सकाळी
परीक्षा. चिंता शून्य. नवीन टोपी.

९ ऑगस्ट, संध्याकाळी
जे घडलं ते नि:पक्षपातीपणे लिहितो.
लोइसबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हं, उलटवा. मी डावीकडे झुकलो. काही नाही. उजवीकडे झुकलो. काही नाही. उभा राहून उड्या मारल्या. तरंगे चपचप वाजले, नाव ढिम्म. जी नाव जूनभर शिंकेने उलटत होती ती अधिकाऱ्यासमोर हटून बसली. मर्ल खुर्चीवरून म्हणाला, कॉफी प्या, प्रोफेसर, कॉफी घेतली की नेहमी होतं तुमचं. लोइसबाई म्हणाल्या, थोडं अजून बाहेर. दुखणार नाही.
डोलकाठी धरून मी बाहेर लोंबकळलो. हात सुटला. मी पडलो. नाव उलटली नाही. तेवढ्यात वारा आला. तृतीया निरगाठीने बांधलेली. शीड भरलं आणि नाव माझ्यावाचून निघाली. इतकी सरळ, इतकी डौलदार ती माझ्यासह कधीच गेली नव्हती. सगळा धक्का उभा राहून बघत होता. मर्लने मोटरबोट काढून तिला खाडीच्या तोंडाशी गाठलं.
लोइसबाईंनी मला दंडाला धरून उभं केलं. म्हणाल्या, नाव पास, प्रोफेसर. तुम्ही नापास.
तरंगे काढून पुन्हा परीक्षा द्या म्हणाल्या. पण ओल्या निरगाठी फुगून दगड झालेल्या. त्या म्हणाल्या, कापा. विभक्ती कापता येत नाही, हे त्यांना कसं समजावणार. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, आणि दातांची अपॉइंटमेंट एकोणीस तारखेला, मंगळवारी आहे.
घरी आल्यावर सोल्वेगने टॉवेल दिला. चहाही दिला.

१० ऑगस्ट
रात्रभर विचार करून मन मोठं केलं. सकाळी सोल्वेगला सांगितलं, तुझा आग्रह आहे तर बसतो मी पुढे.
ती म्हणाली, सीट गेली.
कोणाला, असं विचारलं. म्हणाली, बटाट्यांना. तूच म्हणालास ना, त्यांनी आपलं आपण बघावं. बघितलं त्यांनी. दोन पोती बेल्टने बांधलीत, नाळ छान खाली बसते, काल लोइसनेही तपासलं. क्लबला कळवूनही झालं.
म्हटलं, पोती मी नेतो फेरीने, नेहमीसारखी. ती म्हणाली, मग पुढे वजन काय ठेवू? आणि वरची पायरी चढता चढता थांबून म्हणाली, दोनदा विचारलं होतं मी.
हे खरं आहे. नोंदवून ठेवतो.

१६ ऑगस्ट, सकाळी
फेरीबोट. या वेळी हातात बटाटेही नाहीत. वाळल्यावर निरगाठी सुटल्या, म्हणून दोरांसकट शिडाची गुंडाळी आणली आहे, वारा लागू द्यावा म्हणून. तिकीटवाला म्हणाला, आज पोती नाहीत? तब्येत बरी आहे ना?
वाटेत क्लबच्या कयाक दिसल्या. सोल्वेग मागे, पुढे बटाटे. नाव अगदी सरळ चालली होती. दुर्बीण खाली ठेवली.

१६ ऑगस्ट, घरी आल्यावर
बेटावर ऊन होतं आणि सावली नव्हती. कोणीतरी म्हणालं, प्रोफेसर, ते शीड द्या की. झाडांना बांधून मांडव केला. आठही दोर लागले. संबोधनसुद्धा. मर्ल खालून बघत म्हणाला, आता हे कुठे जात नाही. सगळ्यांनी शिडाची स्तुती केली. मासे उत्तम. बटाट्यांची जास्तच स्तुती झाली. मी एकच खाल्ला.
निघायच्या वेळी वारा वाढला. सोल्वेग कयाकच्या नाळेकडे बघत उभी राहिली. मग रिकामी पोती घडी घालून आत ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, बटाटे संपले. चल, बस.
बसलो. बेल्ट तिने बांधला. सूचना एकच, मध्ये उठायचं नाही. थोडं अंतर गेल्यावर मी वाऱ्याच्या दिशेबद्दल दोन शब्द सांगायला मागे वळलो. ती म्हणाली, बटाटे मागे वळत नव्हते. गप्प झालो. बऱ्याच वेळाने तिनेच म्हटलं, इतकंही गप्प नको. जूडी गायची.
मला गाणं येत नाही. लहानपणी वर्गात तालावर म्हणायचो ते म्हटलं: रामः रामौ रामाः. वल्ह्याला ताल चपखल बसतो. तीन शब्द, तीन हात. द्वितीयेला सोल्वेगचं वल्हं माझ्या वल्ह्याबरोबर पडायला लागलं. षष्ठीत मी अडखळलो तेव्हा ती थांबली. पंचमीपासून पुन्हा धरलं. धक्का दिसायला लागला तेव्हा तिने विचारलं, याचा अर्थ काय? सांगितलं, एक राम, दोन राम, पुष्कळ राम.
ती म्हणाली, एकच पुरे. जास्त झाले तर बसवायचे कुठे?

१८ ऑगस्ट
दंड उचलत नाहीत. तोंड उघडतं, हे लोइसबाई उद्या पाहतीलच. मर्लने आडव्या काठ्या मागून नेल्या, त्याला घेवड्याचे वेल चढवायचे आहेत.
शिडाच्या कंपनीचं नवं पत्रक आलंय. दोन सीटच्या कयाकला पुढच्या बाजूस बसेल असं छोटंसं शीड निघालं आहे. दोर एकच. मला वाटतं तिथे तीन तरी हवेत, पण ती पुढची गोष्ट. आपल्या दोघांच्या नावेला हे शोभेल, असं सोल्वेगला चित्र दाखवून म्हटलं.
तिने चित्र नीट पाहिलं. मग विचारलं, बटाटे सध्या काय भावाने आहेत?