उंबरठ्याखालचे पाच रुपये

दीक्षितपुरा, जबलपूर

तीर्थस्वरूप विनताताईस,

धाकट्या अच्युतचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात, कंबर सध्या तेवढीच परवानगी देते.) इकडे मी आणि अमिता दोघंही ठीक आहोत. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजींचा खोकला? मझौलीचं नवं घर सवयीचं झालं का? हे सगळं फोनवरही विचारलं असतं, पण तू स्पीकर लावून कणीक मळतेस आणि शेजारी बसून भाऊजी सगळं ऐकतात. तेव्हा हे पत्र एकटीनं वाच.

माझ्या छंदाला तू 'चिल्लरचं वेड' म्हणतेस, त्याचं मला आता काही वाटत नाही. पण एकदा समजून तरी घे. टांकसाळीतून लाखो नाणी निघतात, सगळी शिस्तीत, एकसारखी. त्यात एखाद्याचा छाप सरकतो, एखाद्याची एक बाजू कोरीच राहते, आणि ते बिचारं बाजारात फिरत राहतं. कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला त्यांची फार माया येते. (अमिताच्या मते, आपल्यासारखं कुणी भेटल्याचा तो आनंद आहे.) इथल्या, जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात मी दुकानदारांना गल्ला ओतायला लावतो आणि भिंगातून एकेक नाणं बघतो. मागे गिऱ्हाइकं खोळंबली की दुकानदार विचारतो, "दादा, लेना क्या है?" मग भिडेपोटी उदबत्तीचा पुडा घ्यावा लागतो. घरात आता इतक्या उदबत्त्या झाल्या आहेत, की डास येत नाहीत आणि पाहुणेही फार वेळ बसत नाहीत. एकानं तर मला वजनमापवाला साहेब समजून चहा पाजला. मी तो प्यालो, खोटं कशाला सांगू?

तर आता एका पाचाच्या नाण्याची हकिगत. तुझ्या दाराची चौकट बसवायच्या पूजेला आम्ही बसनं येत होतो, तेव्हा कंडक्टरनं सुट्ट्या पैशांत ते माझ्या हातावर ठेवलं. ताई, काय नाणं होतं! सगळा छाप एका अंगाला घसरलेला, पाचाचा आकडा अर्धा काठाबाहेर, आणि उरलेल्या जागेत कोरी चंद्रकोर. इतकी वर्षं भिंग घेऊन हिंडलो आणि ते आलं तिकिटाबरोबर! मी ते रुमालात बांधून जाकिटाच्या खिशात ठेवलं, आणि उकडतंय म्हणून जाकीट अमिताकडे दिलं. इथेच घात झाला. गुरुजींनी उंबरठ्याखाली ठेवायला नाणं मागितलं, तेव्हा मी मागच्या अंगणात भाऊजींना वाळूत माती किती आहे ते समजावत होतो. (होतीच.) घरी येऊन रुमाल सोडला, तर रिकामा. मी ओरडलो. अमिता शांतपणे म्हणाली, "काहून ओरडून राहिले? गुरुजींना दिलं. पाचच रुपये तर होते."

तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. आल्बममध्ये त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती, ती उघडून बघत बसतो. दर रविवारी तुला फोन करून दार घासतं का, उंबरठ्याला ओल येते का, हे का विचारतो, ते आता तुला कळलं असेल. घराची काळजी वाटते हेही खरंच आहे.

असो. तुझं घर सुखात राहो, त्यापुढे माझ्या नाण्याचं काय एवढं! मी मनाची समजूत घातली आहे. काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अच्युत

ता. क. : पुढच्या आठवड्यात चार दिवस राहायला येईन म्हणतो. तुझा उंबरठा फार उंच झाला आहे, तुमच्या वयाला बरा नव्हे. येताना छन्नी-हातोडी आणतो. भाऊजी शेतावर गेले की तासाभराचं काम. खाली दहाचं नाणं ठेवू, म्हणजे घराचा फायदाच.

आणखी ता. क. (अमिताकडून) : ताई, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून लिहिते. उंबरठ्याला हात लावू देऊ नका. गुरुजींनी ते नाणं तेव्हाच परत केलं होतं. "बहू, पूजा में टेढ़ा-मेढ़ा नहीं चलता, साबुत दो," म्हणाले. मी माझ्या पर्समधलं दिलं. ह्यांचं आमच्या हिंगाच्या डबीत सुखरूप आहे. घरी आल्या आल्या हे असे ओरडले, की रागात मी पुढचं सांगितलंच नाही. दोन दिवसांनी सांगणार होते, तर रविवारी ह्यांनी आपणहून तुम्हाला फोन लावला. भाऊबीज सोडून असं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा. मग तुम्ही मला म्हणालात, "अच्युत आजकाल किती विचारपूस करून राहिला गं," आणि फोन ठेवेपर्यंत तेच सांगत राहिलात. त्यानंतर माझ्यानं सांगवेना.

ह्यांना येऊ द्या, मीही येते. छन्नी मी पिशवीतून काढून ठेवीन आणि नाणं गुपचूप घेऊन येईन. चार दिवस पोटभर गप्पा मारा, आणि निघायच्या दिवशी नाणं तुमच्याच हातानं द्या. फक्त त्यानंतरही रविवारचा फोन यायला हवा असेल, तर आता दुसरं काय लपवायचं, ते आपण दोघी आधीच ठरवून ठेवू.