नदीवरची रेघ

८ ऑगस्ट
शाळेतून आलो तर मिनू जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरून बसलेली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: तिथले सांस्कृतिक प्रदेश, त्यांच्या सीमा कुठे आखाव्या. मी खूश. जन्मभर भूगोल शिकवतोय, पोरीनंही तोच घेतला. म्हटलं, दक्षिण संपते ओहायो नदीवर. ओढ रेघ, झालं काम. तर म्हणते, "काकाला विचारते."
काका म्हणजे माझा धाकटा भाऊ अजू. सिनसिनाटीला असतो, त्याच नदीच्या काठी. नकाशात आपलं गोव्यातलं पेडणं कुठे, ते त्याला मी दाखवलेलं!

१० ऑ., रवि.
तासभर व्हिडिओवर काका. म्हणे नदी ही सीमाच नव्हे. त्याच्या शहरातली कितीतरी घरं पलीकडच्या केंटकीच्या डोंगरातून आलेली. बोलण्याचा हेल तोच, चर्चमधली गाणी तीच, सकाळी बिस्किट नावाच्या पावावर पांढरी ग्रेव्ही ओतून खायची, तीही तीच. म्हणून रेघ नदीच्या बरीच वर, ओहायो राज्याच्या पोटातून हवी.
बिस्किटावर ग्रेव्ही. आता यावर भूगोल ठरणार!
मिनू खिदळत होती. माझ्याशी नकाशावर बोलताना अशी कधी हसली नाही. पोर माझी, विषय माझा, आणि वाहवा त्याची. जळलो. इथे लिहायला कसली लाज.

१५ ऑ.
झेंडावंदन करून आलो तर रेघ वर सरकलेली. पेन्सिलीची, पण सरकलेली. तिला म्हटलं, लांब कशाला, इथेच बघ. शापोरा ओलांडली की बार्देस, तेरेखोल ओलांडली की महाराष्ट्र. नदी ओलांडली की माणूस बदलतो.
आतून भाकरी थापता थापता सुलभा, "मगे मी खंयची ओ?"
बायको आरोंद्याची. तेरेखोलच्या पलीकडची. लग्नाचं वऱ्हाड किरणपाणीहून होडीनं नेलं होतं, विसरलोच. वर म्हणते, तुमची माटोळी, आमची माटवी. गणपतीच्या डोक्यावर फळं बांधायची तीच ना? दशावतारी नाटकवाले तरी दोन्हीकडे वेगळे येतात काय?
मिनूनं लगेच काकाला कळवलं. काकाचा अंगठा आला. घरातच फितुरी.

२२ ऑ., शुक्र.
मिनूला घेऊन म्हापशाच्या बाजारात, माटोळीच्या सामानाला. हीऽऽ गर्दी. सुपारीची शिपटी, अख्खा घोस, हातात घेऊन घासाघीस करतोय, तेवढ्यात ही सहज सांगितल्यागत, "काका म्हणतो एम.ए.ला तिकडेच ये. त्यांच्याकडे खोली आहे."
म्हणजे आधी नकाशा, आता पोरगी.
घासाघीस सोडली, मागितले तेवढे पैसे दिले. घरी आल्यावर सुलभा करवादली, तवशी (काकडी हो) आणायची राहिली म्हणून.

२४ ऑ.
अजूचा फोन. नेमका मीच उचलला.
"दादा, रागावलास?"
"मी कोण रागावणारा?"
मग म्हणतो, दादा, लहानपणी होडीत तूच सांगितलेलंस, दोन्ही काठांवर रांधतात ती मासळी एकाच नदीची. सांगितलं असेन. माझंच मला शिकवतो, शहाणा. तिकडे जाऊन वाढला, नाहीतर माझी सायकल पुसायचा. आवाज मात्र अजून तस्साच. फोन ठेवताना "जेवलास मां?" विचारलंन.

२६ ऑ.
उद्या चवथ. माटोळी बांधली. दरवर्षीसारखा मी स्टुलावर, खालून मिनू एकेक फळ देते. आंबाडे, निरफणस, तवशी (अखेर पेडण्यात मिळाली). बोलायचं नव्हतं, बोललो. "पुढच्या वर्षी कोण देणार गो?"
म्हणाली, "बाबा, नदी ओलांडली की माणूस बदलतो, तुम्हीच म्हणता. मी तर समुद्र ओलांडणार. मग मी पण बदलेन?"
स्टुलावरून उतरताही येईना. तोंडातून गेलं, "काका कुठे बदललाय तुझा?"
गेलं ते गेलं. आता अजूचंच खरं म्हणायचं. आणि त्याचं खोटं ठरावं असंही आता वाटत नाही, हीच गोम.
मिनू खालूनच, "मग काकाची रेघ शाईनं ओढू?"
म्हटलं, "राहू दे पेन्सिलीचीच. चवथ होऊ दे."
शिपटी घट्टच होती. तरी परत एकदा बांधली.