नदीपार गायी

ब्रोकन क्रीक, नेब्रास्का
४ ऑक्टोबर १९८२

चि. लायल यास आईचे आशीर्वाद, सोबत थोडी कानउघाडणी.

तू काय करतोस असं चर्चमध्ये कुणी विचारलं की माझं ततपप होतं. टीव्हीवर खेळायचे खेळ बनवतो म्हटलं की लोक हसतात. टेलिफोन ऑफिसातले होलब साहेब भेटले होते. तुझी जुनी जागा वसंत ऋतूपर्यंत ठेवतो म्हणाले. पक्की नोकरी आहे, जरा विचार कर बाबा. तू पाठवलेलं खेळाचं खोकं अजून उघडलेलं नाही. सफरचंदाचा मुरंबा वेगळा पाठवलाय.

तुझी काळजी वाहणारी,
आई

सॅन होझे, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

ती. आईस सा. नमस्कार.

मुरंबा ऑफिसातच चाटूनपुसून साफ झाला. होलब साहेबांना नमस्कार सांग, पण मी येत नाही. आमच्या लँटर्न कंपनीचा तो खेळ मी एकट्याने लिहिलाय. नावाड्याने गायी नदीपार न्यायच्या. खोक्यावर माझं नाव नाही, कारण दुसरी कंपनी मला पळवेल अशी मालकांना धास्ती. एकदा खेळून तर बघ. वीस हजार गुण झाल्याचा टीव्हीचा फोटो पाठवला की कंपनी कापडी बिल्ला देते. तुला काही तो मिळायचा नाही म्हणा.

तुझा खोडकर,
लायल

ब्रोकन क्रीक
२२ नोव्हेंबर

चि. लायलला आशीर्वाद.

मिळायचा नाही म्हणे. गोठ्यात वाढलास आणि गायींना नावेत बेडकासारख्या उड्या मारायला लावतोस? शेजारच्या एथेलसमोर वीस हजार केले, फोटोही काढला. धुऊन आला तर फ्लॅशचा नुसता पांढरा गोळा. पुन्हा सगळ्या गायी न्याव्या लागल्या. या खेपेला पडदे ओढून, फ्लॅशशिवाय काढलाय. सोबत आहे. बिल्ला रीतसर दे, आई म्हणून नको.

तिसऱ्या फेरीत नदी वळते तिथे एक बुटकं झाड आहे. तुझे बाबा आपल्या गायी पाण्यात उतरवायचे, तिथलंच ना ते? मला रडू आलं आणि त्या नादात तीन गायी बुडाल्या.

वाट बघणारी,
आई

सॅन होझे
१९ जानेवारी १९८३

ती. आईस लेकाचा नमस्कार.

हो, तेच झाड. पण आज बातमी वाईट आहे. लँटर्न काल बंद झाली. ज्याने त्याने खेळ काढले, बाजारात नुसता ढीग झाला. नाताळात आमची खोकी पडून राहिली आणि दुकानांनी ती सगळी परत धाडली. बिल्ले पाठवणारी बाई आधीच सोडून गेलेली, म्हणून तुझा राहिला होता. फोटो नीट तपासून मीच तो आज टपालात टाकतोय. आई म्हणून नाही.

दोन मित्र म्हणतात, गॅरेजात नवं काही सुरू करू. माझ्यात आता दम नाही. तुझंच खरं होतं. होलब साहेबांना सांग, मार्चमध्ये हजर होतो.

तुझा,
लायल

ब्रोकन क्रीक
२७ जानेवारी

चि. लायलला पोटभर आशीर्वाद.

बिल्ला चर्चच्या कोटावर शिवला. पाद्रीबाबांनी हात लावून बघितला.

तोच कोट घालून होलब साहेबांकडे गेले. म्हटलं, लायल येणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. तुला न विचारता केलं, रागाव हवं तर. मी तुला सारखी परत बोलवत होते, कारण तिथे तू काय करतोस ते मला दिसतच नव्हतं. आता दिसलंय. घरी ये, दोन घास नीट जेव, झोप काढ. मग त्या मित्रांकडे जा. गाडीवर सोडायला मी येईन.

लोभ आहेच, तो काय मागायचा.

तुझी,
आई