कामगारांची स्वच्छता : उत्तम

६ जानेवारी २०२५, सोमवार. अकोला

आलो एकदाचा! भातकुलीहून निघताना आचल रडेल असं वाटलं होतं, पण बाईसाहेब बडनेऱ्याला गाडी बघायला मिळणार म्हणून उड्या मारत होत्या. सात वर्षांची मुलगी, बाप गावाला चाललाय याचं तिला काहीच नाही. भावनाने ही वही दिली. पहिल्या पानावर तिनेच लिहिलंय, ‘खरेदी अधिकारी श्री. अश्विन यांची’. वाचून छाती जरा फुगलीच.

नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात सात वर्षं मी स्टोअरमध्ये बॉबिनी मोजल्या. मोबाइलवर अभ्यास करून पुरवठा व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला. आता एमआयडीसीतल्या या दालमिलमध्ये तुरीची सगळी खरेदी माझ्या सहीने होणार. पहिले तीन महिने कच्ची नोकरी. पक्की झाली की मिलचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मग भावना आणि आचल इकडे येतील, आचलला इथल्या शाळेत घालू. तोवर ही भाड्याची खोली. आल्याआल्या फरशी दोनदा फिनाईलने पुसली. जुन्या कारखान्यात मला ‘फिनाईल साहेब’ म्हणत, म्हणोत. आधीच्या भाडेकरूने मोरीच्या भिंतीवर तंबाखूचा खर्रा थुंकून ठेवलाय. माणसाला आपली थुंकी भिंतीवर सोडून जाताना काहीच कसं वाटत नाही, हे मला कधी कळणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज केशवरावांनी शिकवलं. हे मिलचे जुने पारखी, पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. त्यांच्या जागेवरच मी आलोय. पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसायची, तिच्यातून दाणे तळहातावर घ्यायचे, रंग बघायचा, फुंकर मारायची. इथवर ठीक. मग दाणा तोंडात टाकून दाताखाली धरायचा. कट्‌ वाजला तर वाळलेला, चपटा झाला तर ओला.

मी म्हटलं, ओलावा मोजायचं यंत्र आहे की. त्यावर केशवराव म्हणाले की यंत्र शेठच्या समाधानासाठी, माल दातानंच घ्यायचा असतो. आणि गंमत म्हणजे या माणसाच्या तोंडात एकही दात नाही! डोळे मिटून हिरड्यांत दाणा धरतात, गालफडं हलतात, मग दाणा थुंकून त्याच पोत्यावर टाकतात आणि म्हणतात, पास. कोणाकोणाचे हात, पाय, उंदीर, घूस त्या पोत्यावरून गेले असतील. दिवसभरात बावीस नमुने चावले. रात्री भात घशाखाली उतरला नाही. पण डिप्लोमाच्या पेपरात मीच लिहिलं होतं, शेतापासून ताटापर्यंत ही एक साखळी असते. आता साखळीत शिरलोय तर नाक मुरडून कसं चालेल.

११ जानेवारी, शनिवार

भगवंतरावांचा माल आला. पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात यांचं गोदाम आहे. स्वतः आले होते, पांढरे कपडे, बोलणं अतिशय नम्र. आणि माल काय सांगू! एकसारखा दाणा, खडा नाही, काडी नाही, धूळ नाही, घासूनपुसून ठेवल्यासारखी चकाकी. चावला तर किंचित खारट. मी म्हटलं, पाणीच तिकडचं खारं. पोत्यात हात घातला तर या थंडीतही आत कोमट.

मी कौतुक केलं, तर भगवंतराव म्हणाले, “आमचा एकेक दाणा माणसानं तोंडात घेऊन पाहेल असते, साहेब. मशीनचं काम नाई आमच्याकडं.” विकणारा आपल्या मालाबद्दल बोलणारच.

दुपारी शेठनी पुरवठादार तपासणीचा फॉर्म मागितला. आश्रमशाळांच्या डाळीची मोठी ऑर्डर आहे, तिला तो जोडावा लागतो. मी म्हटलं, सोमवारी गोदाम बघून येतो. केशवरावांनी सांगितलं की तपासणीला आजवर कोणी गेलेलं नाही, सगळे टेबलावरच भरतात. शेठ घड्याळ बघत उभे. भरला. फरशी कोरडी, होय. उंदीर, नाहीत. कामगारांची स्वच्छता, या रकान्यात काय लिहावं म्हणून थोडा थांबलो आणि ‘उत्तम’ लिहिलं. खाली सही. माझ्या नोकरीतली पहिली खोटी सही, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही. याचंच वाईट वाटतंय.

१५ जानेवारी, बुधवार. भातकुली

संक्रांतीला घरी. शेठनी सगळ्यांना पाच-पाच किलो डाळ दिली, भगवंतरावांच्याच मालाची. भावनाने वरण केलं, सगळं घर खूश. आचलने वाटी बोटाने पुसून चाटली. मी ओरडलो, भावना हसली.

माझ्या पिशवीत नमुन्याची एक पुडी राहिली होती. आचलला आयताच खेळ मिळाला. मांडी घालून बसली, एकेक दाणा तोंडात, डोळे मिटून, मग “हा पास. हा नापास.” हुबेहूब! कच्चे दाणे तोंडात घालू नकोस म्हणून भावना रागावली. मलाही किळस आली, पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. पोरगी बापाची नोकरी खेळते आहे. तिचा पुढचा दात हलतोय. पडला की कौलावर फेकायचा, असं आजीने तिला बजावलंय.

पुडी तिच्याकडेच राहू दिली.

२९ जानेवारी, बुधवार

दहा दिवसांपासून लिहीन म्हणतोय. दुसऱ्या कोणाचा माल चावला तर भुसा चावल्यासारखं वाटतं. भगवंतरावांच्या मालाला चव आहे. आणि वास. आज तो वास ओळखला. सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधी माणसाच्या तोंडाला येतो तो. सत्तर किलोचं पोतं, आणि तोंड उघडल्यावर शंभर माणसांनी एकदम जांभई दिल्यासारखा भपकारा. कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तर बोटांमध्ये तार. चिकट, लांबणारी, बुडबुडे असलेली तार.

नळाखाली हात घासघासून लाल केला. आठ चुळा भरल्या. शेठकडे गेलो आणि स्पष्ट सांगितलं की हा माल मुलांच्या ताटात जाणार आहे, परत पाठवू. त्यांनी माझ्यासमोर यंत्र लावलं. ओलावा बरोबर. मग शांतपणे म्हणाले की तपासणीवर तुमचीच सही आहे, आणि तुमचे अजून दोन महिने बाकी आहेत.

पास केला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दाणा चावला, कट्‌ वाजलं नाही. कडक होता. पुन्हा चावला. तळहातावर थुंकला.

दात होता. दाढ. मुळाशी तपकिरी, वर चांदी भरलेली.

मी गटारापाशी जाऊन पोटातलं सगळं ओकलो. केशवराव मागे येऊन उभे. त्यांनी माझ्या हातातून दाढ घेतली, शर्टाला पुसली, उजेडात धरली आणि खिशात टाकली. म्हणाले, “हे माहीच हाय. मागच्या वर्साची.”

हळूहळू सगळं सांगितलं त्यांनी. मिलमधून सुटल्यावर ते भगवंतरावांच्या गोदामात बसायला जातात. आधी नुसती चव आवडते, मग दुसरं काही गोड लागत नाही. त्यांच्याआधीचे पारखीही तिथेच आहेत. शुक्रवारी निवृत्त झाले की तेही कायमचेच. जसं काही लेकाकडे पुण्याला राहायला चाललेत, अशा आवाजात सांगत होते. मी विचारलं, तुम्ही पळून का नाही गेलात. त्यांना प्रश्नच कळला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उजवीकडची दाढ हलते. जीभ सारखी तिथेच.

मेसची भाजी दोरखंडासारखी लागते. खिशात दाणे ठेवतो. चावत नाही, नुसते चघळतो, आणि चघळून झाले की— हे लिहायची लाज वाटते— पुन्हा खिशात ठेवतो. हमालाने अर्धा पिऊन ठेवलेला चहा आज मी उचलून प्यालो. मी! फिनाईल साहेब! त्याच्या ओठांची जागा शोधून तिथेच ओठ लावले. आरशात बघितलं तर मला माझीच शिसारी आली.

भावनाचा फोन होता. आचल वरणाशिवाय कशाला हात लावत नाही. पुडीतले दाणे संपले म्हणून रडते, बाबांना खारे दाणे आणायला सांग म्हणते. दोन दात एकदम पडले. भावना म्हणाली, या वयात पडतातच.

मी हो म्हटलं. पडतातच म्हटलं. डाळ फेकून दे, एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. ते निघाले असते तर का फेकू हे विचारलं असतं तिनं, आणि मग मला त्या सहीपर्यंत यावं लागलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. फॉर्म भरून दीड महिना झाल्यावर, भर दुपारी, तपासणीला.

पूर्णेच्या अलीकडे काळ्या रानात पत्र्याचं लांब गोदाम. फरशी कोरडी. उंदीर नाहीत. मी लिहिलेलं सगळं खरं आहे, असं क्षणभर वाटून बरंसुद्धा वाटलं.

आत माणसं ओळीने, एकेका बारदानावर बसलेली. वीसेक. इन केलेले शर्ट, खिशाला पेन, काहींच्या गळ्यात अजून मिलचं ओळखपत्र. सगळे खरेदीवाले. प्रत्येकापुढे एक पोतं मळकट, एक पोतं चकाकणारं. मूठभर तूर तोंडात कोंबायची, डोळे मिटायचे, गाल फुगवून घोळवायची, धूळ गिळायची, आणि उरलेलं दुसऱ्या पोत्यात थुंकायचं. कोणी बोलत नाही. फक्त तो ओला चुळबुळता आवाज. हनुवटीवरून लाळ, शर्टाचा पुढचा भाग कडक झालेला, जिभा पांढऱ्या, सुजून जाड. केशवराव तिसरे. मला बघून हसले, तोंड भरलेलं होतं.

भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये माझा फॉर्म लावलाय. कामगारांची स्वच्छता : उत्तम.

ओळीच्या शेवटी घडी घातलेलं एक बारदान, रिकामं. मी नको तो प्रश्न विचारलाच. भगवंतराव नम्रपणे म्हणाले, “ते तुमच्या घरासाठी धरून ठेवलं हाय, साहेब.”

मी रस्त्यापर्यंत पळत आलो. आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की माझंही तोंड भरलेलं आहे.

३ मार्च, सोमवार

ठरवलं. नापास. पत्र लिहून शेठच्या टेबलावर ठेवलं— माल परत, फॉर्म खोटा, माझीच चूक.

त्यांनी वाचलं. खणातून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. पक्क्या नोकरीचं पत्र, एक महिना आधीच. त्यावर क्वार्टरची किल्ली. कोणतं उचलायचं ते तुम्ही बघा म्हणाले आणि फोन घेत बाहेर गेले.

सात वर्षं बॉबिनी. भावनाने घरमालकिणीची ऐकलेली बोलणी. आचलची शाळा.

मी माझं पत्र उचलून खिशात घातलं. किल्लीही. मला स्वतःवर थुंकावंसं वाटतंय आणि थुंकी वाया घालवावीशी वाटत नाही.

८ मार्च, शनिवार

क्वार्टर बघायला दोघी आल्या, होळीपर्यंत इथेच राहणार. भावना खिडक्या उघडत होती, इथे ओटा, इथे आचलचा अभ्यास. किती खूश होती.

आचल वाळलीय. हसत नाही, ओठ मिटून असते. माझ्या खिशात हात घातला, सरळ, विचारलं नाही. मूठ भरून तोंडात—

दात कुठे टाकलेस, कौलावर फेकलेस ना, मी विचारलं. मान हलवून नाही म्हणाली. पुडीत ठेवले, बाबा. पुडी कुठे आहे. तर म्हणाली, ते पांढऱ्या कपड्यांचे आजोबा परवा भातकुलीला आले होते, बाबांनी मागवलीय म्हणून घेऊन गेले.

११ मार्च, मंगळवार

भगवंतरावांचा लॉट आला. पहिल्याच नमुन्यात. तांदळाच्या दाण्याएवढे— नाही, जरा मोठे. चार. पांढरे, नवेकोरे, मूळ नसलेले. दुधाचे.

हे बाहेर काढायला हवे होते. मुलांच्या डाळीत—

हात हलला नाही. जिभेने मात्र ते चारही तळहातावरून उचलून एका गालात घेतले.

सही केली.

१२ मार्च

दोन दाढा गेल्या. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं—

बारदान. घडी किती लहान होती. माझ्यासाठी ती पुरली नसती. मला तेव्हाच दिसलं होतं, मी बघायचं टाळलं. माझ्या घरासाठी म्हणाले होते. माझ्यासाठी नाही म्हणाले.

भावनाला आज सगळं सांगतो. आत्ता.

१३ मार्च

नाही सांगितलं. ती बाजारात गेलीय, होळीच्या साखरगाठ्या आणायला.

आचल दारात बसलीय. माझी जुनी बारदानाची पिशवी पसरून. पुढे दोन वाट्या. एकीत मळकी तूर, एकीत चकाकणारी. गाल फुगलेले. तो आवाज.

जवळ जाऊन तोंड उघड म्हटलं. बोट घातलं, दाणे काढायला. एकही दात नाही. मऊ, कोमट, चिकट. ती बोट सोडत नाही. उजव्या हाताने लिहितोय, डावा तिच्याकडे. डोळे मिटलेत, केशवरावांसारखे. हिरड्यांनी चाचपते आहे, या पेरापासून त्या पेरापर्यंत. मला ओढून घेता येईल. मी ओढत नाहीये. बरं वाटतंय, हे कसलं—

फाटकाशी गाडी थांबली. पांढरे कपडे. हातात ती लहान घडी.

आचल डोळे उघडून म्हणते आहे, बाबा, हा पा—